सडा चढताना कळणारं ओझं

पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला लागलं की शिरढोण मागे पडतं, कर्नाळ्याची खिंड येते आणि ती उतरली की पेण-वडखळपर्यंत रस्ता जवळपास सपाट. वडखळला उजवीकडे वळायचं, धरमतरची खाडी ओलांडायची, मग पोयनाड, कार्ले खिंडीचा छोटासा चढ आणि अलिबाग. पनवेलपासून सत्तरेक किलोमीटर. सायकलवर सामान बांधून पहिल्यांदाच निघालेला माणूस त्या रात्री अगदी खुशीत असतो. पंधरा किलो सामान घेऊनही काही जाणवलं नाही, लोक उगाच वजन-वजन करतात, असं त्याला वाटतं.

जाणवतं ते पुढे. मुरूडजवळ आगरदांड्याला जंगल जेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, चढून दिघीला उतरलं की रस्त्याची चाल बदलते. गाव खाडीकाठी किंवा समुद्राच्या पातळीवर, गावाबाहेर पडलं की लगेच चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे पठार, सड्यावरून उतार आणि खाली पुढचं गाव, पुढची खाडी. हे थेट रेडीपर्यंत चालतं. नकाशात किनाऱ्याचा रस्ता पाहून तो सपाट असेल अशी समजूत करून घेणाऱ्यांची इथे चढांशी गाठ पडते. एकेक चढ शंभर-दोनशे मीटरचाच असतो, पण दिवसात असे पाच-सहा येतात. ऐंशी किलोमीटरच्या दिवसात एकूण हजार मीटरच्या आसपास चढाई सहज होते. चढाला लागणारी मेहनत एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते. सत्तर किलोचा माणूस, चौदा किलोची सायकल आणि सात किलो सामान मिळून ९१ किलो. सामान पंधरा किलो झालं तर ९९. म्हणजे वाटेतला प्रत्येक सडा सुमारे ९ टक्क्यांनी उंच करून घेतला, तोही स्वतःच्या हाताने.

या लेखात मी हाच मार्ग समोर ठेवला आहे: पनवेलहून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग दापोली तालुक्याचा किनारा, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी रेडी. माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुल्यांनी मांडलेला रेवस ते रेडी सागरी महामार्ग साधारण याच रेषेत जातो. मोठ्या खाड्यांवर चार ठिकाणी अजूनही जंगल जेटीचाच आधार आहे: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. एकूण अंतर, कुठून वळता त्यानुसार, सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. आठ-नऊ दिवस धरा. सहा दिवसांत करणारे आहेत, पण ते दुपारी मासे खाऊन पडवीत आडवे होत नाहीत, आणि मग कोकणात जायचं कशाला असा मला प्रश्न पडतो.

सामानाच्या याद्या इंग्रजीत ढिगाने मिळतात. त्यात तंबू, शेगडी, गॅसची डबी, पाणी गाळायचं यंत्र, उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, सगळं असतं. त्या याद्या चुकीच्या नाहीत. त्या दोनशे किलोमीटरमध्ये माणूस न भेटणाऱ्या मुलखासाठी लिहिलेल्या आहेत. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये पर्थहून निघाली आणि १५९ दिवसांत १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर फिरून आली, त्यातलं बहुतेक अंतर एकटीने. तिला उणे वीसपासून सदतीस अंशांपर्यंतची हवा झेलायची होती, रशियातल्या बर्फात रात्री काढायच्या होत्या. तुम्हाला पहाटेचे सोळा-सतरा आणि दुपारचे तेहतीस-चौतीस अंश झेलायचे आहेत, आणि दर दहा-पंधरा किलोमीटरवर किराणा दुकान, मेडिकल आणि चहाची टपरी आहे. तेव्हा नियम एकच ठेवा: गावात मिळतं ते गावात घ्यायचं, गावात मिळत नाही ते न चुकता घरून न्यायचं. तंबू पहिल्या गटात जातो, कारण जवळपास प्रत्येक किनाऱ्याच्या गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. गिअरची तार दुसऱ्या गटात.

गावात न मिळणाऱ्या गोष्टी

याच भागावर सर्वांत जास्त वेळ घालवा. कोकणातल्या गावच्या सायकल दुकानात काय असतं? जुन्या काळ्या सायकलींच्या २८ इंची ट्यूब, मुलांच्या सायकलींच्या छोट्या ट्यूब, साधे ब्रेकरबर, छर्रे, ग्रीस, वाल्व्हट्यूब आणि हात चालणारा मिस्त्री. तुमच्या हायब्रिड किंवा ग्रॅव्हल सायकलला ७०० सीची ट्यूब लागते आणि ती तिथे नसते. नावात २८ इंच असलं तरी काळ्या सायकलचं रिम वेगळ्या व्यासाचं असतं, त्याचा टायर तुमच्या रिमवर बसत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब न्यायच्या. चौघे मिळून चार न्यायच्या आणि वाटून घ्यायच्या, हा हिशेब चाकांची मापं सारखी असतील तरच चालतो. जुनी २६ इंची एमटीबी घरात असेल तर तिला हिणवू नका. वजनाला जड, पण तिची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता बरीच आहे, गिअर हलके आहेत आणि कॅरिअर लावायला भोकं आहेत.

ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल, तर पितळेचा छोटा अडॅप्टर न्या. वजन काहीच नाही. तो असला की पेट्रोल पंपावर किंवा मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. भरताना मात्र शेजारी उभे राहा. ३५-४० मिलिमीटर रुंदीच्या टायरला सामानासकट ५०-६० पीएसआय पुष्कळ झाले. कॉम्प्रेसरवाला गप्पांच्या नादात दुप्पट भरतो आणि उन्हात सड्यावर ट्यूब जाते. पंक्चरचं सोल्युशन एकदा उघडलं की काही आठवड्यांत ट्यूबमध्येच सुकतं, तेव्हा निघण्याआधी नवं घ्या. टायर कापला गेला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटं लांबीचा तुकडा ठेवा.

बाकीची मंडळी अशी: एलन कीचा संच, त्यात तुमच्या कॅरिअरच्या आणि सीटच्या बोल्टला बसणारी मापं आहेत ना हे घरीच लावून पाहा, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या गिअरसंख्येला बसणारी एक जोडणीची कडी, मागच्या गिअरची एक तार आणि ब्रेकची एक, डिस्क ब्रेक असेल तर त्याच मॉडेलच्या पॅडची एक जोडी. डिस्कचे पॅड कोकणात सापडतील या भरवशावर कोणी राहू नये, उतार सतत आहेत आणि पॅड भराभर झिजतात. डिरेलरचा हँगर हा अॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा दर सायकलीला वेगळा असतो. जेटीच्या लोखंडी डेकवर सायकल उजव्या बाजूला आपटली की तोच वाकतो, आणि तो वाकला की गिअर बोंबलतात. दोनशे ग्रॅमसुद्धा नसलेली ही वस्तू सहल वाचवते. दोन आऱ्या फ्रेमला टेपने चिकटवून न्याव्यात. इन्सुलेशन टेपचं आख्खं रीळ नेऊ नका, पंपाभोवती दोन-तीन मीटर गुंडाळून ठेवा. प्लास्टिकचे केबल टाय दहा-बारा. जुनी ट्यूब कापून केलेल्या पट्ट्या बांधायला बाजारातल्या कुठल्याही स्ट्रॅपपेक्षा बऱ्या, घसरत नाहीत आणि तुटल्या तरी दुःख नाही.

चेनच्या तेलाची छोटी बाटली हवी. समुद्राची खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ चेनला एकाच वेळी त्रास देतात. तेल जास्त झालं की धूळ बसते, कमी झालं की गंज चढतो. रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसायची, दर दोन दिवसांनी दोन-चार थेंब, पुन्हा पुसायची. तेल संपलं तर शिलाई मशीनचं तेल कुठल्याही गावात मिळतं, तात्पुरतं चालतं. ओल्या वाळूतून सायकल पळवण्याचा मोह किनाऱ्यावर सगळ्यांनाच होतो. फोटोपुरती न्या, पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

गिअरबद्दल एक साधी कसोटी सांगतो. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दातांएवढे किंवा त्यांहून कमी असले पाहिजेत. पुढे ३४ आणि मागे ३४ ठीक, पुढे २२ आणि मागे ३२ उत्तम. पुढे ३९ आणि मागे २५ असलेली रेसिंग सायकल घेऊन बागमांडला-दापोलीकडे गेलात तर बराचसा प्रवास सायकल ढकलत होईल. निघण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी दुकानात जाऊन चाकं सरळ करून, तारा आणि पॅड बदलून घ्या. आदल्या दिवशी नको. नवी तार ताणली जाते आणि गिअर पुन्हा जुळवावे लागतात, ते पनवेलमध्येच झालेलं बरं. नवी सीटही आयत्या वेळी बसवायची नाही.

बॅगा आणि बांधणी

आता सायकलच्या त्रिकोणात, सीटखाली आणि हँडलवर बसणाऱ्या बॅगांचं प्रस्थ आहे. त्या छान असतात, सायकल अरुंद राहते, कच्च्या रस्त्यावर हलत नाही. पण या मार्गावर जवळजवळ सगळीकडे डांबर आहे. ज्याच्याकडे कॅरिअर आहे त्याने दोन बाजूंच्या दोन मध्यम बॅगा लावल्या तरी काहीच बिघडत नाही, उलट संध्याकाळी खोलीवर न्यायला त्या सोप्या. मला विचाराल तर बॅगांवर दहा-पंधरा हजार घालवण्याआधी ते पैसे टायर आणि गिअरवर घाला.

त्रिकोणात बसणारी बॅग मात्र जरूर करून घ्या, आणि ती विकतच घ्यायला हवी असं नाही. पुठ्ठा फ्रेमच्या आत धरून पेन्सिलने त्रिकोण आखायचा, पाण्याच्या बाटल्यांची जागा वगळायची, तो पुठ्ठा आणि जाड नायलॉनचं कापड रिक्षाची सीट शिवणाऱ्या कारागिराकडे द्यायचं. चेन, चार-पाच वेल्क्रो पट्टे, रुंदी सहा सेंटिमीटरच्या आत. त्याहून रुंद झाली की गुडघे घासतात. पट्टे फ्रेमला जिथे लागतात तिथे टेप लावा, नाहीतर रंग निघतो.

जड सामान खाली आणि मध्ये. हत्यारं, ट्यूब, खाऊ आणि पॉवर बँक त्रिकोणात. कपडे सीटखाली किंवा मागे. हँडलवर हलकं आणि मऊ, म्हणजे चादर, विंडचीटर. हँडलवर जड बांधलं की उतारावर पुढचं चाक डळमळतं, आणि कोकणातले उतार वळणाचे आहेत. प्रत्येक बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असावी. बॅग जलरोधक आहे असं दुकानदार म्हणाला तरीही असावी. कॅरिअरचे बोल्ट धक्क्यांनी सैल होतात. रोज रात्री एकदा एलन की फिरवून पाहा, आणि त्या मापाचे दोन जादा बोल्ट जवळ ठेवा.

सगळं बांधून झालं की सामान अडकवायच्या हातकाट्याने प्रत्येक बॅग तोला. पाणी सोडून सात-आठ किलोंत बसलं पाहिजे. बसत नसेल तर सायकल खांद्यावर घेऊन पनवेल स्टेशनचा पूल एकदा चढून या. मग काय काढायचं ते आपोआप सुचतं.

कपडे, पाणी, पोट

कपड्यांत लोक सर्वांत जास्त चुका करतात, कारण ते घरच्या सवयीने रोजचा एक जोड मोजतात. सायकलवर दोन जोड पुरतात: एक अंगात, एक धुतलेला. पॅडच्या दोन चड्ड्या, लवकर वाळणारे दोन टी-शर्ट, उन्हासाठी बारीक पूर्ण बाह्यांचा एक, संध्याकाळसाठी एक हाफ पँट आणि टी-शर्ट. पॅडच्या चड्डीखाली आतली चड्डी घालायची नाही. शिवण घासून तिसऱ्या दिवशी बसवत नाही. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन आधीच लावा. किनाऱ्याच्या दमट हवेत सुती कपडा रात्रभरात वाळत नाही, जीन्स तर नकोच. धुतलेला कपडा पंच्यात गुंडाळून पिळला आणि पंख्याखाली टाकला की सकाळपर्यंत तयार. पंचा मात्र न्यायलाच हवा. टॉवेल म्हणून, डोक्याला, मानेला, ओला करून उन्हात, आणि वेळ आली तर झोळी म्हणूनही तो उपयोगी पडतो, आणि एवढ्या वजनात एवढी कामं करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पायात एकच बूट किंवा सँडल आणि संध्याकाळची हलकी चप्पल.

पाणी तीन लिटर मावेल अशी सोय ठेवा, पण तीनही लिटर सतत भरून नेऊ नका. खाडीकाठच्या गावात दोन बाटल्या भरल्या की पुढचा सडा पार होतो. तिसरी बाटली दहानंतरच्या उन्हासाठी, कारण सड्यावर ना झाड ना नळ. तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं असं धरा. ओआरएसची पाकिटं घ्या, डब्ल्यूएचओचं सूत्र छापलेली, आणि मोठं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यातच घाला. चव लागते म्हणून अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकायचं नाही. पाकीट नसेल तेव्हा चिमूटभर मीठ जास्त घातलेलं कोकम सरबत काम भागवतं.

खायचं सोबत फारसं न्यायचं नाही. चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, एका दिवसापुरते. सकाळी सहाला निघालात तर आठ-साडेआठला पोहे, घावन किंवा उसळ-पाव मिळतो. अडचण दुपारची आहे. कोकणातली लहान दुकानं एक ते चार बंद असतात आणि जेवणाची घरगुती सोय असेल तिथे आधी सांगावं लागतं. सकाळी फोन करून दीड वाजता किती जण येतो ते कळवा. आयत्या वेळी दारात उभे राहिलात तर यजमानांना उपाशी पाठवणं जिवावर येतं आणि भात पुन्हा लावावा लागतो. तो तास तुमचाही जातो. जेवून तीनपर्यंत विश्रांती, मग पुन्हा दोन तास.

औषधांत थोडकं: बीटाडीन, गॉज, क्रेप बँडेज, अॅलर्जीची गोळी, ताप-दुखण्याची गोळी, तुमची रोजची औषधं दोन दिवस जादा. डासांसाठी ओडोमॉस. बाकी सगळं मेडिकलमध्ये मिळतं, सॅनिटरी पॅडसुद्धा. साप किंवा विंचू चावला तर घरगुती उपाय करत न बसता १०८ ला फोन करायचा आणि जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. मुक्कामाच्या गावांजवळचं रुग्णालय कुठे, हे निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा. हो, कागदावर. घाटाच्या वळणात मोबाइलला रेंज नसते, आणि मोबाइल बंद पडला तर नकाशाबरोबर फोन नंबर, पैसे, सगळंच जातं. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक पुरते. रोख रक्कम जवळ असू द्या, जेटीवर आणि टपरीवर लागते. मुक्कामासाठी आधार कार्ड. सायकलच्या फ्रेमखालचा नंबर आणि बिलाचा फोटो घरच्यांकडे पाठवून ठेवा.

केव्हा निघायचं, कसं निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत बरा. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे पनवेलकरांच्या सोयीचीच. या दिवसांत पहाटे मतलई वारा डाव्या हाताने, हलका येतो. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून, म्हणजे उजवीकडून आणि मागून. रेडीहून पनवेलला येणाऱ्याला तोच वारा तोंडावर मिळतो. पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी टाळा. खोल्या मिळत नाहीत, आणि अलिबाग-मुरूडच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग तुमच्या कोपराला घासून जाते. शनिवार-रविवारीही तोच प्रकार, म्हणून अलिबागचा दिवस सोमवार-मंगळवारी येईल असं बघा. पावसाळ्यात हवा बिघडली की जेटी बंद राहते. तेव्हा पहिल्या सहलीला पावसाळा नकोच.

पनवेलमधून बाहेर पडणं हा या मार्गातला सर्वांत धोक्याचा तुकडा आहे, सड्यापेक्षाही. उरणच्या बंदराकडे जाणारे-येणारे कंटेनर पळस्प्याला गोळा होतात. पहाटे साडेपाचला निघा, मागे लाल दिवा चालू, अंगात चमकणारी पट्टी, हँडलला आरसा. कर्नाळ्याच्या खिंडीत उजेड पडल्यावरच शिरा. द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या मित्राला सायन-पनवेल रस्त्याने यायला सांगा किंवा आदल्या दिवशी मुक्कामालाच बोलवा.

जेटीच्या वेळा दर हंगामात थोड्या बदलतात. आदल्या रात्री यजमानांना विचारून पक्क्या करा आणि दिवसाचं अंतर त्या धरून आखा. शेवटची फेरी चुकली तर खाडीला वळसा घालून जाणं म्हणजे पूर्ण दिवस. डेकवर सायकल स्टँडवर सोडून फोटो काढायला जायचं नाही. धरून उभे राहायचं.

तयारीला दोन महिने द्या. आठवड्यात दोनदा पाऊण-एक तास, नेरे-मालडुंगे-गाढेश्वरचा रस्ता त्यासाठी चांगला. रविवारी लांब पल्ला. चढाची सवय व्हायला खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळाकडून खंडाळ्याला चढणारा जुना घाट आहे. त्याहून कडक हवं असेल तर नेरळ ते दस्तुरी नाका. तो चढ मधे पाय न टेकता झाला तर कोकणातला कुठलाही सडा होईल. नाही झाला तरी बिघडत नाही, ढकलत नेणं हाही सायकल चालवण्याचाच भाग आहे. ज्यांना कसोटी आवडते त्यांनी ऑडॅक्सची २०० किलोमीटरची ब्रेवे करून पाहावी, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. पण ती सामानाशिवाय असते, हे लक्षात ठेवा.

सर्वांत उपयोगी तालीम म्हणजे एक रात्रीची सहल, पूर्ण सामानासकट. शनिवारी किहीम किंवा नागावला जा, रविवारी परत या. घरी आल्यावर बॅगा जमिनीवर रिकाम्या करा आणि ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा. हत्यारं, औषधं आणि दिवे सोडून बाकी त्या ढिगातलं काहीही मोठ्या सहलीला न्यायचं नाही. जादा टी-शर्ट, जाड पुस्तक, ब्लूटूथ स्पीकर, कॅमेऱ्याचं दुसरं भिंग, सगळं तिथे सापडेल. हे करूनही वाटेत ओझं जास्त वाटलंच तर श्रीवर्धन किंवा दापोलीच्या पोस्टात जा, जादा सामानाचं पार्सल करा आणि घरी पाठवून द्या. लोक हट्टाने रेडीपर्यंत वाहून नेतात, ते का, हे मला कळलेलं नाही.

माघार कुठून घ्यायची तेही आधी ठरवा. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून आत, समांतर धावते. दिवेआगर-श्रीवर्धनहून माणगाव, दापोलीहून खेड, गुहागरहून चिपळूण, गणपतीपुळ्याहून रत्नागिरी, देवगडहून कणकवली, मालवणहून कुडाळ. यांतलं प्रत्येक स्टेशन टेम्पोने किंवा सायकलने एका दिवसात गाठता येतं. दापोली आणि चिपळूणला सायकल क्लब आहेत, सायकल बिघडली तर त्यांच्याकडे विचारा. बरेचदा कोणाच्या तरी घरी तुम्हाला हवा तो भाग निघतो.

परतीसाठी रेडीहून सावंतवाडी स्टेशन तीसेक किलोमीटर आहे. सायकल ब्रेकव्हॅनमधून न्यायची तर तुमच्या तिकिटावर पार्सल ऑफिसात ती आधी नोंदवावी लागते. गाडी दोनच मिनिटं थांबत असेल तर लहान स्टेशनावर सायकल चढवायला नकार मिळतो, म्हणून कुडाळ, सावंतवाडी किंवा मडगाव, यांपैकी जिथे आदल्या दिवशी चौकशी करून होकार मिळेल तिथूनच निघा. चाकं काढून पिशवीत भरून डब्यात नेणारेही आहेत, पण ते टीसीच्या मर्जीवर. नोंदवलेल्या सायकलवरून बॅगा, दिवे, पंप, बाटल्या काढून स्वतःजवळ ठेवा, हँडल आडवं करून बांधा, आणि पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून-कुठे हे मोठ्या अक्षरांत लिहून दोन ठिकाणी लावा. पनवेल यायच्या आधीच दाराशी येऊन थांबा आणि उतरल्याबरोबर ब्रेकव्हॅन गाठा. सायकल खाली उतरवली नाही तर ती गाडीबरोबर पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशी पावती घेऊन कुर्ल्याच्या टर्मिनसला तिला आणायला जावं लागतं.